कर्त्याचा लोप

व्याकरण हा विषय रुक्ष, शाळेंत नाइलाजानें शिकावयाचा आणि शाळा सुटतांच विसरावयाचा, अशी आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांची समजूत आहे. नीतीचा विचार करणारास व्याकरणाशीं कांहीं कर्तव्य असेल, हें तर सहसा कोणाच्या मनांतही येत नाहीं. सत्य बोलावें, आपली चूक कबूल करावी, दुसऱ्यावर वृथा आळ घेऊं नये, हे नीतीचे पाठ; कर्ता, कर्म, क्रियापद हे व्याकरणाचे. दोहोंचीं दालनें निराळीं. परंतु ज्या वाक्यानें आपण चूक कबूल करतों किंवा आळ घेतों, तें वाक्य अखेर व्याकरणाच्याच कारखान्यांत घडतें; आणि तें घडवितांना कर्त्याला कोठें बसवावयाचें, किंबहुना बसवावयाचें कीं नाहीं, हें ठरवावें लागतें. हा निर्णय केवळ व्याकरणाचा कीं नीतीचाही, हा प्रश्न आज आम्हीं वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

घरांतील नित्याचाच एक प्रसंग घेऊं. स्वयंपाकघरांत कांहींतरी खळकन वाजतें. माजघरांतून प्रश्न येतो, 'काय झालें?' आंतून तीन प्रकारचीं उत्तरें येऊं शकतात. 'कप फुटला', 'माझ्या हातून कप फुटला', 'मीं कप फोडला'. फरशीवर पडलेले तुकडे तिन्ही उत्तरांत तेच आहेत. पण पहिल्या वाक्यांत कप जणूं आपल्याच मर्जीनें फुटला आहे. दुसऱ्यांत बोलणाराचा हात आहे, पण मन नाहीं. तिसऱ्यांत हातही आहे आणि मनही. मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याला हा भेद कोणीं शिकवावा लागत नाहीं. लहान मूलही, प्रसंग आपल्यावर आला म्हणजे, या तिहींतून पहिलें वाक्य बिनचूक निवडतें. आणि तोच कप धाकट्या भावाच्या हातून फुटला असला तर तितक्याच बिनचूकपणें ओरडतें, 'बाळ्यानें फोडला!' थोरांची निवड याहून फारशी निराळी असते असें आम्हांस वाटत नाहीं. ते ती अधिक सफाईनें करतात इतकेंच.

अशा निवडीसाठीं मराठींत क्रियापदांच्या जोड्याच तयार आहेत. फुटणें व फोडणें, तुटणें व तोडणें, पडणें व पाडणें, जळणें व जाळणें, मरणें व मारणें. मोडणें, उघडणें यांसारखीं क्रियापदें तर रूपही न पालटतां दोन्ही कामें करतात: काठी मोडली, आणि त्यानें काठी मोडली. या साध्या दिसणाऱ्या गोष्टीकडे ज्यांनीं विशेष लक्ष दिलें, त्यांत चार्ल्स फिलमोर (१९२९–२०१४) या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. नोम चॉम्स्की यांच्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' (१९५७) या पुस्तकानंतर वाक्यरचनेच्या अभ्यासाला जें नवें वळण लागलें, त्याच वाटेनें जाणारे हे विद्वान. परंतु रचनेकडून अर्थाकडे जाण्याची ओढ त्यांस अधिक होती. १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द केस फॉर केस' या निबंधांत त्यांनीं इंग्रजींतील 'ओपन' या क्रियापदाचा विचार केला आहे. 'दार उघडलें', 'जॉननें दार उघडलें', 'किल्लीनें दार उघडलें' या अर्थाचीं तीन इंग्रजी वाक्यें या एकाच क्रियापदानें होतात, आणि त्यांत उद्देश्याच्या जागीं अनुक्रमें दार, जॉन व किल्ली येऊन बसतात. शाळेंतलें व्याकरण तिघांनाही एकच नांव देऊन मोकळें होतें. फिलमोर यांचें म्हणणें असें कीं, उद्देश्याची ही जागा वाक्याच्या वरच्या थरांतील आहे. तिच्याखालीं अर्थाचीं नातीं असतात आणि तीं ढळत नाहींत. दार तिन्ही वाक्यांत परिणाम सोसणारें, किल्ली साधन आणि जॉन करणारा. मग पंक्तींत पहिल्या पाटावर कोणालाही बसवा.

पुढें १९७० सालीं 'हिट' व 'ब्रेक' या क्रियापदांवर लिहितांना त्यांनीं आणखी एक मार्मिक भेद दाखविला. ज्या क्रियापदानें वस्तूची स्थिति पालटते तें कर्त्यावांचूनही उभें राहूं शकतें. 'काठी मोडली' असें इंग्रजींतही म्हणतां येतें. पण जें क्रियापद केवळ आघात दाखवितें, त्यांतून कर्ता तसा सहज गाळतां येत नाहीं. मोडणें हें काठीच्या ठायीं दिसून येतें, म्हणून मोडणाराला विसरतां येतें. मारण्याची खूण मात्र मार खाणाऱ्यावर राहीलच असें नाहीं, ती क्रिया सर्वस्वीं मारणाराची असते. शब्दांच्या स्वभावांत हा केवढा विवेक सांठविलेला आहे!

संस्कृत व्याकरणाची तोंडओळख असणाऱ्या वाचकास ही विचारसरणी परकी वाटणार नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायींत अपादान, संप्रदान, करण, अधिकरण, कर्म आणि कर्ता अशीं सहा कारकें सांगितलीं. आणि क्रियेशीं असलेलें नातें तें कारक व तें नातें दाखविणारें रूप ती विभक्ति, हा भेद कटाक्षानें पाळला. फिलमोर यांच्या निबंधानंतर अनेक अभ्यासकांनीं या दोन विचारांची तुलना केली आहे. कर्त्याची पाणिनीची व्याख्या तर एकाच शब्दावर उभी आहे: क्रियेच्या सिद्धींत जो स्वतंत्र तो कर्ता. स्वातंत्र्य हा नीतिशास्त्राचा मूळ शब्द; तो व्याकरणाच्या सूत्रांत भेटावा याचें आम्हांस प्रथम आश्चर्य वाटलें. पण पुढें पाहतां असें दिसतें कीं, वैयाकरणांनीं हें स्वातंत्र्य माणसापुरतें राखून ठेवलेलें नाहीं. शिजविणारा माणूस बाजूस राहून 'पातेलें शिजवितें' असेंही म्हणतां येतें, याची चर्चा पतंजलीच्या महाभाष्यांत आहे. आपणही 'ही सुरी छान कापते' असें म्हणतोंच. इतकेंच काय, ज्यावर क्रिया घडली त्यालाच कर्त्याच्या आसनावर चढवून 'लाकूड आपोआपच फुटतें' असें म्हणण्याची सोयही पाणिनीच्या व्याकरणांत आहे. मग या सर्वांत स्वतंत्र कोण? वैयाकरणांचें उत्तर असें कीं, कारक हें विवक्षेवर, म्हणजे बोलणाराला काय सांगावयाचें आहे त्या इच्छेवर, अवलंबून असतें.

आमच्या मतें नीतीचा प्रश्न नेमका येथें उभा राहतो. कप कसा फुटला हें एकदां घडून गेलें. त्यांत आतां बदल होणें नाहीं. पण तो वाक्यांत कसा फुटावा हें बोलणारा ठरवितो. 'कप फुटला' हें वाक्य खोटें नाहीं. न्यायालयांत शपथेवर सांगितलें तरी तें खरेंच ठरेल. तथापि खरें वाक्य निवडूनही माणूस सत्याकडे पाठ फिरवूं शकतो, हें या इवल्याशा उदाहरणांतही स्पष्ट दिसतें. असत्य बोलणें आणि सत्यांतून सोयीचें तेवढेंच उचलणें या दोहोंमध्यें एक विस्तीर्ण प्रदेश आहे, आणि आपल्या नित्याच्या व्यवहारांतील बहुतेक अप्रामाणिकपणा या प्रदेशांतच सुखानें नांदतो. तेथें खोटेपणाचा कायदा लागू होत नाहीं.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस झाला. ऐकणारा खुळा थोडाच असतो? कप आपोआप फुटत नाहीं हें त्यालाही ठाऊक असतें. हा आक्षेप वाटतो तितका बळकट नाहीं. केटलिन फॉसी व लेरा बोरोडित्स्की या दोन संशोधिकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका उपाहारगृहांतील आगीची हकीकत लोकांस वाचावयास दिली होती. मेजावरची मेणबत्ती कलंडून कापडास आग लागते, असा तो अपघात. कांहीं जणांस दिलेल्या हकीकतींत त्या बाईनें मेणबत्ती पाडली, आग लावली, अशा धर्तीचीं वाक्यें होतीं. इतरांच्या हकीकतींत मेणबत्ती पडली, आग लागली, अशीं. बाकी सर्व वृत्तान्त तोच. नुकसानीपैकीं किती रक्कम तिच्याकडून घ्यावी असें विचारतां, पहिल्या गटानें दुसऱ्याहून सुमारें एकतृतीयांशानें अधिक रक्कम सांगितली. म्हणजे पाडणें आणि पडणें यांतील अंतर पैशांत मोजतां आलें. ऐकणारा खुळा नसतो हें खरें. पण तो दुसऱ्याच्या शब्दांतूनच प्रसंग पाहत असतो, आणि त्याला दुसरी खिडकी नसते.

आतां आपल्या मनाकडे वळूं. मराठींत आपण 'मला राग आला', 'मला भीति वाटली', 'मला तो आवडला' असें म्हणतों. राग येतो, तो पाहुण्यासारखा. ज्याला येतो तो चतुर्थींत, किंचित् मागें सरून उभा असतो. ही रचना बहुतेक भारतीय भाषांत आढळते, आणि तिच्यावर मणींद्र वर्मा व के. पी. मोहनन यांनीं संपादिलेला एक स्वतंत्र ग्रंथ १९९० सालीं निघालेला आहे. अनुभव घेणारा आणि करणारा हे दोघे एक नव्हेत, हें तत्त्व या भाषांनीं आपल्या वाक्यरचनेंतच गोंवून ठेवलें आहे. आम्हांस हा विवेक मोठा यथार्थ वाटतो. राग आणावयाचा म्हणून कोणी आणीत नाहीं, तो येतो. त्यानंतर जें घडतें तें मात्र आपण करतों. 'मला राग आला आणि मीं त्याच्या थोबाडींत मारली' या वाक्यांत चतुर्थींतला 'मला' आणि कर्त्याच्या जागचा 'मीं' यांमध्यें एक उंबरठा आहे, आणि माणसाची सारी नीति त्या उंबरठ्यावर उभी आहे.

पण हेंच वाक्य दुसऱ्या रीतीनें कसें सांगितलें जातें तें पाहा. 'राग आला, हात उठला आणि थोबाडींत बसली.' तीन क्रिया आणि एकाही क्रियेला करणारा माणूस नाहीं! राग आपण होऊन आला, हात आपण होऊन उठला, आणि चपराक, जणूं पूर्वीं नेमून ठेवलेल्या जागेवर, जाऊन बसली. मारण्याच्या क्रियेंतून मारणारा सहजासहजीं सुटत नाहीं असें वर म्हटलें. पण मराठी माणसानें 'बसणें' या गरीब क्रियापदास हाताशीं धरून तीही वाट शोधून काढली. ज्या घरांत बायकोवर अथवा मुलावर हात टाकला जातो, तेथें दुसऱ्या दिवशीं दिलें जाणारें स्पष्टीकरण पुष्कळदां याच साच्यांतलें असतें. 'हात उठला' म्हणणाऱ्यास पश्चात्ताप होत नसेल असें नव्हे. परंतु ज्या वाक्यांत आपण नाहींच, त्या वाक्याचा पश्चात्ताप करावयाचा तरी कोणीं?

घराची ही रीत कचेरींत गेली म्हणजे तिला प्रतिष्ठा प्राप्त होते. अर्ज गहाळ होतो, निर्णय घेतला जातो, मंजुरी राहून जाते, लाठीमार होतो. हेलपाटे घालणाऱ्या माणसाला, अर्ज कोणीं गहाळ केला हें कधींच समजत नाहीं, कारण त्या भाषेंत तो कोणीच केलेला नसतो. हा दोष आपल्याच देशाचा अथवा भाषेचा नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनीं १८७६ सालच्या आपल्या अखेरच्या वार्षिक संदेशांत, आणि अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं १९८७ च्या जानेवारींत इराणसंबंधींच्या प्रकरणाविषयीं बोलतांना, 'चुका केल्या गेल्या' अशाच धर्तीची रचना वापरली होती. रेगन यांनीं पत्करलेल्या जोखमीची जबाबदारी त्याच भाषणांत आपल्याकडे घेतली हेंही सांगितलें पाहिजे. तरी चुकांच्या वाक्यांत कर्ता आला नाहीं तो नाहींच. इंग्रजीला यासाठीं निदान कर्मणि प्रयोगाचा आडोसा तरी घ्यावा लागतो. मराठींत 'चुका झाल्या' एवढ्यावर भागतें.

जो स्वतः कांहीं न करतां दुसऱ्याकडून करवितो त्याचें काय? 'मालकानें गड्याकडून झाड तोडविलें.' कुऱ्हाड गड्याची, घामही त्याचाच. पाणिनीनें या प्रश्नाचा निकाल निःसंदिग्धपणें लावून ठेवला आहे: जो कर्त्याला प्रवृत्त करतो त्याला हेतु म्हणावें आणि कर्ताही म्हणावें. आज्ञा देणाऱ्यास 'मीं कोठें हात लावला?' असें म्हणून सुटतां येत नाहीं, आणि आज्ञा पाळणाऱ्याचेंही कर्तृत्व त्यामुळें नष्ट होत नाहीं. ज्यांस वरून आलेल्या हुकुमाकडे बोट दाखवावयाची संवय आहे, आणि ज्यांस हुकूम सोडून हात झटकावयाची आहे, अशा दोघांनींही हें सूत्र मनन करण्याजोगें आहे.

येथवर वाचून एखाद्यास असें वाटेल कीं, प्रत्येक वाक्यांत कर्ता हुडकून त्याला चव्हाट्यावर उभें करावें, असा आमचा उपदेश आहे. तसें नाहीं. दोष देण्याची क्रिया स्वतःच किती नाजूक आहे हें फिलमोर यांच्याच दुसऱ्या एका निबंधावरून कळतें. १९७१ सालच्या एका संग्रहांत आलेल्या या निबंधांत त्यांनीं न्यायनिवाड्याच्या क्रियापदांचा विचार केला आहे. एखाद्यावर आपण आरोप करतों तेव्हां, तें कृत्य वाईट हें गृहीत असतें आणि तें त्यानें केलें हें आपण प्रतिपादीत असतों. टीका करतों तेव्हां उलट: तें त्यानें केलें हें गृहीत, आणि तें वाईट हें प्रतिपादन. त्यानें केलें काय, आणि केलें तें वाईट काय, असे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आणि कोणता गृहीत धरावयाचा व कोणता सिद्ध करावयाचा हें शब्दच ठरवून टाकतो. आपल्या कौटुंबिक भांडणांतून या दोहोंची किती सरमिसळ होते याचा अनुभव वाचकांस असेलच. सून म्हणते, मीं केलेंच नाहीं. सासू म्हणते, असें करणें बरें का? एकीचें उत्तर आरोपाला आहे, दुसरीचा प्रश्न टीकेचा आहे. दोघी दोन दारांत उभ्या राहून बोलत असतात आणि संध्याकाळपर्यंत मिटत नाहीं.

म्हणून 'मीं फोडला' हें वाक्य सदैव श्रेष्ठ असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याच्या हातून कप निसटला त्यानें 'मीं फोडला' म्हणणें हेंही सत्यास सोडून आहे. त्यांत नसलेला हेतु आंत शिरतो. 'माझ्या हातून फुटला' हें मधलें वाक्य आम्हांस या तिहींत सर्वांत सुंदर वाटतें. तें हात लपवीत नाहीं आणि हेतु लादीत नाहीं. फॉसी व बोरोडित्स्की यांच्याच २०११ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत इंग्रजी व स्पॅनिश बोलणाऱ्यांची तुलना आहे. हेतुपुरस्सर केलेल्या कृतींत करणारा सांगण्यांत आणि तो लक्षांत ठेवण्यांत दोन्ही भाषिक सारखेच ठरले. अपघाताच्या प्रसंगीं मात्र स्पॅनिश बोलणारे 'फुटलें' या धर्तीवर अधिक बोलले, आणि फोडणारा कोण हें त्यांच्या लक्षांतही कमी राहिलें. तेव्हां कर्ता गाळण्याची सोय असलेली भाषा बोलणारे लोक जात्याच बेजबाबदार, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. ती सोय मुळांत अपघात व अपराध यांत भेद करण्यासाठीं आहे. आपण तिचा उपयोग अपराधाला अपघाताचे कपडे चढविण्यासाठीं करतों, हा दोष भाषेचा नव्हे.

शिवाय या सोयीचा एक अत्यंत उदात्त उपयोगही आहे. नव्या सुनेच्या हातून किंवा पाहुण्याच्या मुलाच्या हातून चांगली कपबशी जाते, तें पोर कावरेंबावरें होऊन उभें राहतें, आणि घरची म्हातारी म्हणते, 'फुटली बशी, फुटली. पायाला लागलें नाहीं ना?' त्या वाक्यांतही कर्ता नाहीं. पण येथें तो पळून गेलेला नाहीं. त्याला कोणी तरी मायेनें पदराआड घेतलें आहे. तेंच वाक्य, तीच रचना, आणि तरी एका तोंडीं तें भ्याडपण व दुसऱ्या तोंडीं औदार्य. भेद इतकाच कीं, एकानें कर्ता गाळला तो स्वतःसाठीं, दुसरीनें दुसऱ्यासाठीं. यावरून व्यवहारास पुरेसा असा एक नियम आम्हांस सुचतो. आपल्या चुकीच्या वाक्यांत कर्ता असावा. दुसऱ्याच्या चुकीच्या वाक्यांत, चौकशी होईतों, तो नसला तरी चालेल. मात्र जेथें बलवानाच्या कृतीनें दुर्बलाचें नुकसान झालें आहे, तेथें ही उदारता दाखविण्याचा अधिकार नुकसान सोसणाऱ्याचा आहे; इतरांनीं ती परस्पर वाटूं नये.

आपण बहुतेक जण नेमकें याच्या उलट वागतों. आमचे सांडतें, हरवतें, राहून जातें. शेजाऱ्यानें सांडलेलें असतें, हरवलेलें असतें, मुद्दाम ठेवलेलें असतें. आम्ही स्वतः हा लेख लिहितांना मागील कांहीं दिवसांत आपल्या तोंडून गेलेलीं वाक्यें आठवून पाहिलीं, तेव्हां 'एका मित्राच्या पत्राचें उत्तर राहून गेलें' हें वाक्य आम्हीं अनेकदां उच्चारलें असल्याचें आढळलें. उत्तर राहून गेलें नव्हतें. आम्हीं तें लिहिलें नव्हतें. क्रियापद बदलून पाहतांच ओशाळल्यासारखें झालें, आणि त्याच दुपारीं पत्र लिहून टाकलें. व्याकरणानें याहून अधिक काय करावें?

वैयाकरणांनीं सांगितलें कीं, कारक विवक्षेवर अवलंबून असतें. पण विवक्षा म्हणजे बोलण्याची इच्छा. आणि इच्छा म्हटली कीं ती कोणाची तरी असते. 'कप फुटला' या वाक्यांत कर्त्याचा पत्ता नसेल; परंतु तें वाक्य आपोआप उमटलेलें नाहीं. कोणी तरी तीन वाक्यांतून तें निवडलें, आणि त्या निवडीचा कर्ता, पाणिनीच्या अर्थानें, स्वतंत्र आहे. वाक्यांतला कर्ता गाळतां येतो; वाक्याचा कर्ता कोणाला गाळतां आला आहे?